साळाव ते रेडी: दोन मोटारसायकली, एक तंबू आणि तिथीचा रकाना

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या आणि आज सकाळी भाचीने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. जानेवारीत कोकणच्या किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे, शक्य तेथे तंबूत राहायचे आणि मुंबई-गोवा महामार्ग ओलांडण्यापुरताच वापरायचा, एवढे ती ठरवूनच आली होती. मी मे महिन्यात भूगोलाच्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले असल्यामुळे रजेचा प्रश्न फक्त तिचा आहे आणि तिला सलग सात दिवस मिळू शकतात. तिची गाडी हिमालयन ४११, म्हणजे रिकामी असतानाही १९९ किलोची. माझी युनिकॉर्न तिच्यापेक्षा सुमारे साठ किलोंनी हलकी आहे. या साठ किलोंचा पुढे कोठे ना कोठे हिशेब द्यावा लागेल, असे मी आजच लिहून ठेवते.

तिच्या आराखड्यात रोज दोनशे किलोमीटर आणि चार मुक्काम होते. मी तिला एवढेच विचारले की यात खाड्या कोठे आहेत. नकाशावर किनाऱ्याचा रस्ता एकसंध दिसतो खरा, परंतु सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळण्यापूर्वी रुंद होऊन तो रस्ता तोडते, आणि तेथे पूल आहे की होडीची तर आहे की मागे फिरून आतून वळसा घ्यायचा आहे, यावर त्या दिवसाचे सारे गणित अवलंबून असते. पुढच्या रविवारपर्यंत खाड्यांची यादी करण्याचे काम तिच्याकडे दिले आहे.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

यादी झाली. उत्तरेकडून येताना रेवदंडा आणि साळाव यांच्यामध्ये कुंडलिका आहे, तिच्यावर पूल आहे. पुढे मुरूड ओलांडल्यावर राजपुरीची खाडी येते, ती आगरदांडा ते दिघी अशी जंगलजेटीने पार करावी लागते. त्यानंतर सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड, अशा आणखी तीन जंगलजेट्या आहेत. जयगडच्या दक्षिणेला मात्र चित्र बदलते. भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला राजापूरची खाडी, मालवणच्या पुढे कर्ली, या सगळ्यांवर पूल आहेत.

भाचीला ‘जंगलजेटी’ हा शब्द ठाऊक नव्हता. मोटारी आणि माणसे एकत्र वाहून नेणाऱ्या सपाट तळाच्या बोटीला कोकणात हेच नाव पडले आहे आणि त्याखेरीज दुसरा शब्द वापरला तर धक्क्यावरचा माणूस आपल्याला पाहुणा म्हणून ओळखतो. दाभोळ-धोपावे ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी दापोलीकडून गुहागरला गाडी न्यायची तर खेड, चिपळूण करीत शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडत असे, आणि समोरचा किनारा तर डोळ्यांना दिसत असे.

सागरी महामार्गाच्या नव्या आराखड्यात या मोठ्या खाड्यांवर पूल प्रस्तावित आहेत. ते झाले की आमच्या यादीतला अर्धा भाग निकामी होईल. भाचीला त्याचा आनंद आहे. मला अजून ठरवता आलेले नाही. जाता जाता एक नोंद: या रस्त्याला सरकारी कागदांत ‘रेवस-रेड्डी’ म्हणतात, परंतु ज्या गावात तो संपतो त्या गावाचे नाव रेडी आहे. आम्ही रेडीच लिहिणार.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज असल्याने घरात गडबड होती, तरी तारखा ठरवून घेतल्या. भाचीने कार्यालयाची दिनदर्शिका आणली होती आणि मी पंचांग काढले. प्रजासत्ताक दिन रविवारी येत असल्यामुळे २५ आणि २६ जानेवारीला किनारा गर्दीने भरेल, हे तिचे म्हणणे रास्त आहे. माझे म्हणणे पाण्याबद्दलचे होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाण्याची चढउतार सर्वांत कमी राहते. जंगलजेटीच्या उतारावरून गाडी चढवायची असो की वाळूच्या पुळणीजवळ तंबू लावायचा असो, भांगाचे दिवस आपल्या बाजूचे असतात. १३ जानेवारीला पौष पौर्णिमा आहे, २२ तारखेला वद्य अष्टमी आणि २९ तारखेला अमावास्या. म्हणून रविवार १९ जानेवारीला निघून शनिवार २५ जानेवारीला परतायचे नक्की केले. शनिवारी गर्दी किनाऱ्याकडे येत असताना आम्ही घाट चढून घराकडे येत असू.

तिला तिथीवरून भरतीची वेळ काढायला शिकवली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसा जी वेळ तीच थोड्या फरकाने रात्री, आणि मधल्या सहा तासांवर ओहोटी. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो, त्यामुळे छापील तक्त्यांशी तो ताडून पाहायचा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. पण मोबाइलला रेंज नसताना आणि तक्ता बॅगेच्या तळाशी असताना ही पाऊणपट कामाला येते. भाचीने संगणकावरच्या तक्त्यात किलोमीटर, पेट्रोल आणि मुक्काम यांच्याशेजारी ‘तिथी’ असा रकाना वाढवला.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

रेवसपासून सुरुवात करण्याचा तिचा आग्रह होता, तो मी मोडून काढला. मांडवा आणि अलिबागचा भाग सुंदर नाही असे नाही, पण रविवारी तेथे मुंबईच्या मोटारींच्या रांगेत उभे राहण्यात आमचा पहिला दिवस जाईल. पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोलाड, रोहा आणि तेथून साळाव, असा प्रवास करून आम्ही कोर्लईच्या अलीकडे किनाऱ्याला लागू. परतीला रेडीहून सावंतवाडी, आंबोली, आजरा आणि कोल्हापूर. सगळे मिळून नकाशावर सुमारे १,२०० किलोमीटर होतात, त्यातले जवळजवळ चारशे शेवटच्या एका दिवशी.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

तंबू कोठे लावायचा, या एका प्रश्नात दोन आठवडे गेले, आणि ते योग्यच झाले असे वाटते.

दुसऱ्या रात्रीसाठी भाचीने वेळासची पुळण निवडली होती. ते नाव मी खोडले. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून रात्रीच्या वेळी याच किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर ही त्यांची ठाऊक असलेली ठिकाणे आहेत. पुळणीवर उजेड किंवा हालचाल दिसली तर मादी अंडी न घालताच परत फिरते, आणि पुढे पिल्ले बाहेर येतात तेव्हा ती क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे धावतात, म्हणजे समुद्राऐवजी कंदिलाकडे. आमच्या डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या आणि स्टोव्हची ज्योत यांना त्या वाळूत जागा नाही. पिल्ले पाहायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात एखाद्या घरी उतरून, ग्रामस्थांच्या सांगण्याप्रमाणे पाहावीत. त्या वेळी मी एकटी एसटीने जाईन.

एकूणच मोटारसायकल वाळूवर न्यायची नाही, हा नियम आजच लिहून टाकला. त्यात निसर्गाची काळजी आहे आणि साखळी, बेअरिंग, ब्रेक यांचीही आहे, कारण खाऱ्या पाण्याचा एक शिडकावा धुऊन काढायला गोड्या पाण्याच्या चार बादल्या लागतात.

मग उरतात तीन प्रकारच्या जागा. पहिली, पुळणीमागचे सुरूचे बन. तेथे सावली असते आणि जमीन कोरडी असते, परंतु ही बने बहुतेक ठिकाणी वनखात्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय शिरायचे नाही. शिवाय खाली पडलेल्या सुरूच्या काड्या इतक्या लवकर पेटतात की तेथे चूल मांडण्याचा विचारही करू नये. दुसरी जागा म्हणजे सडा, जांभ्याचे ते उघडे पठार. छायाचित्रात तो फार देखणा दिसतो, मात्र तेथे पाणी नाही, आडोसा नाही आणि तंबूची खुंटी कातळात शिरत नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर तर आणखी एक कारण आहे. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे अशा गावांच्या कातळावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रे आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत, आणि त्यांतली कितीतरी मातीच्या पातळ थराखाली झाकलेली असतात. तेथे हातोडी घेऊन खुंट्या ठोकणारी भूगोलाची शिक्षिका मला व्हायचे नाही.

तिसरी जागा म्हणजे एखाद्या घराचे आगर. नारळी-पोफळीखाली शिंपण्याची जमीन असल्याने खुंटी पक्की बसते, विहीर असते, न्हाणीघर असते, आणि दोघी बायकांनी रात्र काढायची तर हाकेच्या अंतरावर घर असणे मला महत्त्वाचे वाटते. भाचीच्या मते हे ‘खरे’ कॅम्पिंग नाही. तिला म्हटले, न्हाणीघराशिवाय सहा रात्री काढून दाखव, मग बोलू. अट एकच, माडाच्या थेट खाली तंबू नको. नारळ आणि झावळ दोन्हीही न सांगता पडतात.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

सामानाचे पहिले वजन केले. दोघींचे मिळून एकतीस किलो भरले, आणि त्यात पाणी धरलेले नव्हते. दोन माणसांचा एक तंबू, दोन झोपायच्या पिशव्या, चटया, एक स्टोव्ह, छोटे गॅसचे डबे, भांडी, हत्यारे, ट्यूब, पंक्चरचे साहित्य, कपडे. भाचीने आणलेली घडीची खुर्ची परत पाठवली. मी आणलेली दुर्बीण, तिच्या मते, परत पाठवायला हवी होती, ती राहिली.

वाळूत खुंट्या टिकत नाहीत, यावर तिने चांगला उपाय काढला आहे. जुन्या छत्र्यांच्या कापडाच्या आठ छोट्या पिशव्या शिवल्या. त्या वाळूने भरायच्या, दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायच्या. रिकाम्या असताना त्यांना वजन नाही. साइड स्टँड भुसभुशीत जमिनीत रुतून गाडी आडवी होऊ नये म्हणून स्टँडखाली घालायला पत्र्याचे दोन चौकोनी तुकडे कापून घेतले.

पिण्याचे पाणी प्रत्येकीने पाच लिटर बाळगायचे. खाडीकाठच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, त्यात चहा नासतो आणि तहान भागत नाही. शिध्यात भाजणी, मेतकूट, तांदूळ आणि भडंग एवढेच. मासळी वाटेत मिळेल.

१० डिसेंबर २०२४, मंगळवार

पेट्रोलचा जादा डबा नेण्याची गरज नाही. माझ्या टाकीत १३ आणि तिच्या टाकीत १५ लिटर मावते. टाकी अर्ध्यावर आली की जो पंप दिसेल तेथे भरायची, एवढा नियम पुरेसा आहे.

१६ डिसेंबर २०२४, सोमवार

शनिवारी आणि रविवारी सरावाची फेरी झाली. भांगाचा मुहूर्त जानेवारीसाठी राखून ठेवला असल्यामुळे आणि भाचीला अन्य कोणताही शनिवार मोकळा नसल्यामुळे ही फेरी नेमकी दत्तजयंतीला, मार्गशीर्षाच्या पौर्णिमेच्या तोंडावर पडली. आता वाटते, तसे झाले तेच बरे.

पुण्याहून साडेसहाला निघालो. ताम्हिणीत धुके होते, कोलाडला ऊन लागले, रोह्यानंतर कुंडलिकेच्या काठाने साळाव गाठले. कोर्लईचा किल्ला पाहून मुरुडला जेवलो आणि साडेचारच्या सुमारास आगरदांड्याच्या धक्क्यावर आलो. चतुर्दशीची पाऊणपट साडेदहा. म्हणजे साडेचारला पूर्ण ओहोटी, आणि तीही उधाणाची. हा हिशेब मी स्वतः शिकवलेला, तरीही त्या घटकेला डोक्यात नव्हता. एरवी पाण्याखाली असणारा धक्क्याचा उतार बराच लांबपर्यंत उघडा पडला होता आणि त्याच्या खालच्या भागावर हिरवे शेवाळ होते. माझी गाडी पुढे होती, ती सरळ उतरून बोटीवर गेली. भाचीने शेवाळावर पुढचा ब्रेक दाबला, पुढचे चाक निसटले आणि सामानासकट गाडी डाव्या कुशीवर पडली. ती स्वतः सावध उडी मारून उभी राहिली होती, तिला गुडघ्यावरच्या खरचटण्याखेरीज काही झाले नाही. दोन खलाशी आणि एका टेम्पोचा चालक यांनी मिळून गाडी उचलली. क्लचची लिव्हर वाकली आणि डावा इंडिकेटर फुटला. ‘सुकतीला उतारावर ब्रेक मारायचा नाय, इंजिनावर सोडायची गाडी,’ असे खलाशी म्हणाला. यापेक्षा नेमकी सूचना मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती.

दिवेआगरला पोचेपर्यंत साडेसहा झाले. त्या रात्री, सराव म्हणून, पुळणीच्या वरच्या अंगाला सुरूच्या कडेवर तंबू लावण्याची परवानगी शेजारच्या आगराच्या मालकांकडून घेतली होती. सत्तरी ओलांडलेले ते आजोबा आमच्याकडे पाहून फक्त म्हणाले, ‘आणखी वर घ्या, बाई.’ सकाळच्या भरतीने आणलेल्या काटक्या, शेवाळ आणि शिंपल्यांची रेघ वाळूवर स्वच्छ दिसत होती आणि आम्ही तिच्यापासून पंधरा-वीस पावले वर होतो. भरतीची खूण डोळ्यांसमोर असताना आणखी वर कशाला जायचे, असे मला वाटले. मी वर्गात चाळीस मुलांना भरती-ओहोटी शिकवली आहे, हेही वाटले असावे.

अकरानंतर भाचीने मला हलवून जागे केले. पाणी तंबूच्या पुढच्या पिशव्यांपर्यंत आले होते. लाट नव्हती, आवाज नव्हता. चांदण्यात एक पातळ पत्रा पुढे सरकत यावा तसे ते येत होते. दहा मिनिटांत आम्ही तंबू उचलून, खांब तसेच ठेवून, वर सुरूत नेला. भिजले ते एका चटईचे टोक आणि माझा बूट. पुळण इतकी सपाट आहे की पाण्याच्या उंचीत वीतभर फरक पडला तरी आडव्यात तो वीस पावलांचा होतो.

सकाळी आजोबांनी चहा दिला आणि कारणही सांगितले. ‘पावसाळ्यात दिवसाचं पाणी मोठं, हिवाळ्यात रात्रीचं. सकाळच्या रेघेवर झोपलात तर रात्री भिजणारच.’ मला ते ऐकून काही क्षण बोलता आले नाही. मार्गशीर्षाचा पूर्ण चंद्र विषुववृत्ताच्या बराच उत्तरेला असतो, म्हणून तो मध्यरात्री आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो, आणि त्याच्याकडच्या बाजूला येणारी भरती आपल्या अक्षांशावर दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. जून महिन्यात हेच उलट होते, म्हणूनच मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या बातम्या दुपारच्या असतात. हे सगळे सुटे सुटे मला ठाऊक होते. त्यांचा एका रात्रीच्या मुक्कामाशी संबंध जोडून घेणे राहिले होते.

आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष कळली. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे, ही जोडी मी सत्तावीस वर्षे फळ्यावर बाणांनी काढत आले. तंबूचे दार आम्ही समुद्राच्या वाऱ्यासाठी पश्चिमेला ठेवले होते. पहाटे पाठीमागून गार वारा सुटला तेव्हा स्टोव्हची ज्योत नेमकी तंबूकडे झुकू लागली. स्टोव्ह दारापासून आडव्या बाजूला, पाच पावलांवर ठेवायचा, अशी नोंद त्याच वेळी केली. दहिवरही इतके पडते की तंबूचे वरचे कापड पिळून काढावे लागले. सकाळी निघण्याच्या वेळेत त्यासाठी अर्धा तास धरायला हवा.

१७ डिसेंबर २०२४, मंगळवार

लिव्हर आणि इंडिकेटर बदलले. भाचीने एक जादा क्लच लिव्हर आणि एक जादा केबल सामानात घातली. मी माझी दुसरी कढई काढली. दुर्बिणीवर पुन्हा चर्चा झाली.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

तक्ता नव्याने लिहिला. आता त्यात किलोमीटरचा रकाना शेवटी आहे आणि तिथी, भरतीची वेळ, खाडीवर पोचण्याची वेळ हे तीन रकाने आधी आहेत.

पहिल्या दिवशी, १९ तारखेला, पंचमी असल्याने भरती पावणेचारला पूर्ण होते. आगरदांड्याला तीन ते साडेचारच्या दरम्यान पोचायचे, म्हणजे उतार पाण्याखाली राहील. मुक्काम दिवेआगरला, आजोबांच्या आगरातच. दुसऱ्या दिवशी षष्ठीला पूर्ण ओहोटी साडेदहाच्या सुमारास होते, म्हणून सातला निघून, शेखाडीच्या समुद्राला अगदी खेटून जाणाऱ्या रस्त्याने श्रीवर्धन गाठून, न थांबता नऊपर्यंत बागमांडला. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग भरतीला बंद होतो आणि ओहोटीला मोकळा असतो, तेव्हा तो पाहायचा असेल तर बोट चुकते, आणि बोट धरली तर तो चुकतो. भाची म्हणाली, बोट. मीही बोटच म्हणाले, थोडे थांबून. वेसवीहून बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै करीत दापोलीच्या किनाऱ्यावर मुक्काम. ही रात्र घरात.

तिसरा दिवस दोन बोटींचा आहे. दाभोळला नऊपर्यंत उतरायचे, धोपाव्याहून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी हा भाग सावकाश पाहायचा आणि तवसाळला चारच्या आसपास यायचे. सप्तमीची भरती सव्वापाचची, म्हणजे चढते पाणी मिळेल. गुहागर तालुक्यातला हा पट्टा मला साऱ्या मार्गातला सर्वांत शांत वाटतो, याचे एक कारण असे की त्याच्या दोन्ही टोकांना बोट आहे आणि घाईत असलेला माणूस तिकडे फिरकतच नाही. रात्र मालगुंडला.

येथून पुढे बोटी संपतात आणि तक्त्यातला तिथीचा रकाना सैल होतो. दक्षिणेकडे भरतीचा जोरही उतरत जातो. खंबातच्या आखाताकडे समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो आणि आखात नरसाळ्यासारखे निमुळते असते, म्हणून मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, तर मालवण-गोव्याकडे दोन मीटरच्या आसपासच राहते. आमचा धोका पहिल्या तीन दिवसांत आहे, शेवटच्या तीन दिवसांत नाही. भाचीने पहिल्या तीन ओळी लाल रंगात केल्या.

५ जानेवारी २०२५, रविवार

दक्षिणेकडचा अर्धा भाग आज दुपारी संपवला. चौथ्या दिवशी आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरी, भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी आणि आंबोळगड. कशेळीला कनकादित्याचे दर्शन घेऊन सड्यावर पायीच जायचे. पाचव्या दिवशी जैतापूरच्या पुलावरून दक्षिणेकडे. वाघोटनच्या खाडीच्या उत्तर काठावरून विजयदुर्ग समोर दिसतो, पण गाडीला तो दिसून उपयोग नाही. खाडीच्या काठाने आत जाऊन पूल गाठायचा आणि पुन्हा तितकेच बाहेर यायचे. भाचीने विचारले की गाड्या इथे ठेवून होडीने किल्ला पाहून येता येईल का. येईल, पण मग गाड्या उत्तरेलाच राहतील आणि आम्हाला दक्षिणेला जायचे आहे, हे तिच्या लक्षात यायला अर्धे मिनिट लागले आणि आम्ही दोघी खूप हसलो. विजयदुर्गानंतर देवगड, कुणकेश्वर, आचरा आणि मालवण.

सहाव्या दिवशी अंतर कमी ठेवले आहे. कर्ली ओलांडून परुळे, निवती, वेंगुर्ले, शिरोडा आणि रेडी. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. तेथील मिठागरांपाशी थोडा वेळ थांबायचे मी माझ्यासाठी लिहून ठेवले आहे. रेडीला लवकर पोचून, झोपून, सातव्या दिवशी पहाटे आंबोलीच्या घाटाला लागायचे.

एकूण सहा रात्री: चार आगरांत तंबू, दोन घरांत. सहाही ठिकाणी फोनवर बोलणे झाले आहे. एका ठिकाणी भाडे विचारल्यावर पलीकडच्या काकू म्हणाल्या, ‘तंबू तुमचा, जागा माझी, मग भाडं कशाचं सांगू?’ त्यांच्याकडे आम्ही जेवणाचे पैसे देणार आहोत.

१२ जानेवारी २०२५, रविवार

दोन्ही गाड्यांचे तेल बदलले, साखळ्या धुऊन ताणल्या, टायरची हवा सामानासकट मोजून घेतली. साखळीला रोज संध्याकाळी वंगण द्यायचे, कारण खारी हवा आणि जांभ्याची तांबडी धूळ मिळून एका दिवसात तिची खरड तयार होते. परवाने, नोंदणीपत्रे, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्रे यांच्या कागदी प्रती एका जलरोधक पिशवीत घातल्या. सामान आता बावीस किलोंवर आले आहे. दुर्बीण त्यातच आहे.

आज ताम्हिणीपर्यंत जाऊन परतलो. पूर्ण भरलेली गाडी उतारावर इंजिनावर सोडण्याचा सराव भाचीने बारा वेळा केला.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

गाड्या दारात भरून उभ्या आहेत. तक्त्याची एक प्रत माझ्या टाकीवरच्या पिशवीत, दुसरी भाचीच्या खिशात. पाठ राहावे म्हणून मी उद्याची ओळ तिला म्हणायला लावली: पंचमी, पावणेचार, आगरदांडा तीनला.

संध्याकाळी दिवेआगरच्या आजोबांना फोन केला. पाणी पावणेचारला येईल असे सांगणार, एवढ्यात तेच म्हणाले, ‘चार वाजून जातील. पंचमी उद्या सकाळीच संपतेय, हिशेब षष्ठीचा धरा.’ मी पंचांग उघडले. पंचमी सूर्योदयानंतर थोड्याच वेळात संपत होती. तक्त्याच्या दोन्ही प्रतींवर पावणेचार खोडून साडेचार लिहिले आणि आगरदांड्याची वेळ पाऊण तासाने पुढे घेतली. मुरुडला जेवायला तेवढा वेळ जास्त मिळेल.